इंजिन खोलण्याआधी तपासणीची मजुरी द्या

कापडाच्या व्यापाऱ्याने मोटारसायकलच्या इंजिनावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण मौद्यासारख्या तालुक्याच्या गावी ज्यांनी कापडाचा धंदा केला आहे, त्यांना नवल वाटणार नाही. नागपूर-भंडारा रस्त्यावरच्या आमच्या या गावातून माल उचलून आरोली, कोदामेंढी, खात या बाजूच्या खेड्यांत विकणारे फेरीवाले आमचे मोठे गिऱ्हाईक. चादरी, लुंग्या, परकर, लहान मुलांचे तयार कपडे यांचा गठ्ठा मागच्या सीटवर बांधायचा आणि आठवडी बाजार गाठायचा, हा त्यांचा रोजगार. त्यांचे दुकान म्हणजे ती मोटारसायकलच. ती उभी राहिली की दुकान बंद, आणि दुकान बंद म्हणजे आमची बाकीही बंद. "सेठ, इंजिनाचे काम निघाले, या महिन्याचे पैसे पुढच्या महिन्यात," हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आमच्या उधारीचा चांगला हिस्सा गॅरेजमधल्या उघड्या ब्लॉकांत पडून आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

इंजिन खरोखर झिजले असेल तर खर्च करावाच लागेल, त्याला इलाज नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. आमच्या भागात इंजिन खोलायचे की नाही हा निर्णय तपासणीवर होत नाही, अंदाजावर होतो. याचा दोष एकट्या मिस्त्रीच्या माथी मारणे बरोबर नाही. आपण त्याला बघण्याचे पैसे देतच नाही, खोलण्याचेच देतो. मग जो कारीगर अर्धा तास कान लावून, प्लग काढून, मोजमाप करून "इंजिनाला काही झाले नाही, मागचा ब्रेक चिकटतो आहे" असे सांगेल, त्याच्या हाती पन्नास-शंभर रुपये पडतात. आणि जो एका किकमध्ये "इंजिन गेले" म्हणेल त्याला हजारोंचे काम मिळते. अशा व्यवहारात कारीगराने सचोटी राखली तर ती स्वतःच्या खिशातून राखावी लागते. तपासणीची वेगळी मजुरी ठरली पाहिजे आणि ती गिऱ्हाइकाने खुशीने दिली पाहिजे, असे आमचे मत आहे.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. यंत्राचे शब्द आम्ही शाळेत नव्हे, गॅरेजच्या बाकावर बसून शिकलो. पण हकीम लोक ज्याला 'तश्खीस' म्हणत, म्हणजे रोग ओळखणे, तो शब्द इथे चपखल बसतो. नाडी न बघता काढा देणाऱ्या हकिमाकडे कोणी गेले नसते. इंजिनाची नाडी कशी बघतात, हे उस्ताद मंडळींकडून जेवढे समजले तेवढे सांगतो.

आमच्या भागात धंद्याला लावलेल्या जुन्या गाड्यांत सर्वांत जास्त भरणा शंभर सी.सी.च्या चार-स्ट्रोक गाड्यांचा. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, आणि फेरीवाल्याने सायकल सोडली. या इंजिनाचे सिलिंडर अवघे ५० मिलीमीटर व्यासाचे, पिस्टनची धाव ४९.५ मिलीमीटर. त्यातून ९७.२ सी.सी. होतात. एवढ्याशा भांड्यात झीज थोडी झाली तरी ताकदीत फरक दिसतो. व्यास साधारण एक दशांश मिलीमीटरने वाढला की बोरिंगची वेळ आली असे समजतात. एक दशांश मिलीमीटर म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीपेक्षाही कमी. हे डोळ्याला दिसत नाही, बोटाला नीट कळत नाही. म्हणून ज्याच्याकडे मोजण्याचे गेज नाही त्याने ब्लॉकमध्ये बोट फिरवून "गेला" म्हणणे, हे कपड्याचे माप नजरेने घेण्यासारखे आहे. कधी बरोबर निघते, कधी नाही.

आता धूर. लोक धूर दिसला की घाबरतात, पण धुराचा रंग आणि त्याची वेळ या दोन्ही गोष्टी बघाव्या लागतात. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जात आहे. एअर फिल्टर कोंडला असेल, कार्बुरेटरचा चोक अडकला असेल. त्यासाठी इंजिन खोलायची गरज नाही. थंडीच्या सकाळी पांढरी वाफ निघते आणि दहा मिनिटांत जाते, ती नुसती वाफ आहे. निळसर, जळक्या वासाचा धूर मात्र ऑइल जळत असल्याची खूण. त्यातही फरक आहे. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना निळा धूर निघाला आणि मग थांबला, तर बहुतेक वेळा वॉल्वच्या सीलमधून ऑइल खाली उतरलेले असते. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिला की धुराचा लोट येतो, तेव्हाही संशय वॉल्वच्या गाइडवर आणि सीलवर. चढावर, वजन घेऊन, ॲक्सिलरेटर दिला असताना सतत निळा धूर मारते, तेव्हा रिंग आणि ब्लॉक यांच्याकडे बघावे. पहिल्या दोन प्रकारांत नुसते हेड उतरवून भागू शकते. हा फरक न बघता सरसकट बोरिंग करणारे पुष्कळ आहेत.

राजदूत, येझदी, आरएक्स १०० या दोन-स्ट्रोक गाड्या आता थोड्या उरल्या. येझदी आणि आरएक्स १०० या दोन्हींचे उत्पादन १९९६ मध्येच थांबले. त्यांच्या पेट्रोलातच ऑइल जळते, म्हणून थोडा निळा धूर हा त्यांचा स्वभाव. पण धूर अचानक वाढला आणि गिअर बॉक्समधले ऑइल कमी होऊ लागले, तर क्रँकचे ऑइल सील गेले आहे. पिस्टन बदलून तो धूर जाणार नाही. सायलेन्सर कार्बनने कोंडल्यामुळे पिकअप गेलेल्या दोन-स्ट्रोक गाड्याही आम्ही पाहिल्या आहेत. त्यांना पिस्टनचे नव्हे, सायलेन्सर साफ करण्याचे काम होते.

ऑइलचा हिशोब मालकाने स्वतः ठेवावा, तो मिस्त्रीवर सोडू नये. या छोट्या इंजिनात ऑइल लिटरभराच्या आसपासच असते. त्यातले पाव लिटर कमी झाले म्हणजे चौथा हिस्सा गेला. ऑइल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर वहीत लिहावे, दर आठवड्याला कांडी पुसून पातळी बघावी. बाहेर गळत नाही, तरी दर पाचशे-सातशे किलोमीटरला भर घालावी लागते, असे वहीने दाखवले तर तो पुरावा झाला. "ऑइल खाते वाटते" हा पुरावा नव्हे. ऑइल काढताना ते पांढऱ्या फडक्यावर ओतून बघावे, तळाच्या गाळातून लोहचुंबक फिरवावे. चिमूटभर बारीक चुरा जुन्या इंजिनात निघतोच. चमकणारे कण किंवा खवले निघाले तर मात्र गाडी त्याच दिवशी उभी करावी. तेव्हा चालवत राहिलो तर हजाराचे काम दहा हजारांवर जाते.

सर्वांत भरवशाची नाडी म्हणजे कॉम्प्रेशन. प्लगच्या जागी गेज लावायचा, इंजिन गरम असताना ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून सात-आठ किक मारायच्या आणि काटा कुठे थांबतो ते बघायचे. तो आकडा कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडायचा. कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. काटा चांगला वर चढला, तर ऑइलने रिंगची फट भरली. म्हणजे दोष रिंगचा किंवा ब्लॉकचा. काटा होता तिथेच राहिला, तर दोष वॉल्वचा किंवा गॅसकेटचा. एक सावधगिरी सांगितली पाहिजे. स्प्लेंडरसारख्या गाडीचा ब्लॉक जवळजवळ आडवा असतो, त्यामुळे ऑइल खालच्या बाजूला साचते आणि निकाल अर्धवट येऊ शकतो. म्हणून जाणकार मिस्त्री दुसरी परीक्षाही घेतात. पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही वॉल्व बंद असताना, प्लगच्या भोकातून हवा भरायची. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणि जुन्या प्लगच्या कवचापासून बनवलेली नळी एवढ्यावर हे होते. मागचे चाक फिरणार नाही एवढी काळजी घ्यायची आणि कान लावायचा. फुसफुस कार्बुरेटरमधून आली तर इनलेट वॉल्व, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंग. इंजिनाचा एकही बोल्ट न खोलता एवढे कळते.

आवाजाच्या बाबतीत आम्ही जपून बोलतो, कारण कान तयार व्हायला वर्षे लागतात. तरीही थंड इंजिनाचा खडखडाट जो गरम झाल्यावर कमी होतो, तो बहुधा पिस्टनचा. तो पुष्कळ दिवस चालवून घेता येतो. वरून येणारी टिकटिक टॅपेटची, डाव्या बाजूची खरखर टायमिंग चेनची असू शकते. वजन घेऊन चढताना पोटातून येणारा जड ठोका कनेक्टिंग रॉडच्या बिग एंडचा असेल, तर उशीर करू नये.

यानंतर येतात ते सोंगाचे आजार, म्हणजे इंजिन चांगले असताना गेल्यासारखे वाटणारे. आमच्या मते निम्मी फसगत इथे होते. मागचा ब्रेक चिकटला की गाडी ओढत नाही आणि पेट्रोल पिते. मधल्या स्टँडवर उभी करून चाक हाताने फिरवले की कळते. क्लच प्लेट झिजल्या की इंजिन ओरडते आणि गाडी पळत नाही. टॅपेटची फट शंभरांश मिलीमीटरमध्ये मोजायची गोष्ट. ती जास्त कसली गेली तर वॉल्व पूर्ण बंद होत नाही, किकमध्ये दम राहत नाही, आणि मालक समजतो पिस्टन गेला. आमच्याकडे शेतरस्त्यांची धूळ आणि मळणीच्या दिवसांतला धानाचा भुसा एअर फिल्टरमध्ये भरतो. आणि कोणी फिल्टर काढूनच गाडी चालवू लागला, तर तीच धूळ ब्लॉकमध्ये जाऊन सोंगाचा आजार खरा होतो. अलीकडे आणखी एक कारण वाढले. २०२५ मध्ये पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र आले. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, म्हणून मायलेज थोडे घटणारच. शिवाय ते पाणी धरते, जुन्या रबराला सोसत नाही आणि टाकीतला गंज कार्बुरेटरपर्यंत येऊन जेट बंद होतो. या कारणाने अडखळणाऱ्या गाडीचे इंजिन खोलणे म्हणजे पोटदुखीवर दात काढणे होय.

एक हिशोब मांडतो, कारण हे व्यापाराचे पान आहे. समजा एक फेरीवाला महिन्याला १,५०० किलोमीटर फिरतो. लिटरला ६० किलोमीटर मिळाले तर २५ लिटर पेट्रोल लागेल. ४० मिळाले तर साडेसदतीस. फरक साडेबारा लिटरचा. पेट्रोल शंभर रुपयांच्या पुढे आहे, म्हणजे महिन्याला साडेबाराशेहून जास्त रुपये धुरात जातात. इंजिनाला सहा हजार लागले असे धरले तरी पाच महिन्यांत वसूल. हा हिशोब दाखवून मिस्त्री गिऱ्हाइकाला राजी करतात, आणि आकडे खरे आहेत. पण मायलेज इंजिनामुळेच घटले, हे गृहीत धरलेले असते. आमच्या एका फेरीवाल्याने हाच हिशोब ऐकून पिस्टन, रिंग, बोरिंग सगळे केले. मायलेज जिथे होते तिथेच राहिले. पुढे दुसऱ्या गावच्या एका म्हाताऱ्या कारीगराने मागच्या ब्रेकचा कॅम घासून ग्रीस लावले आणि गाडी मोकळी झाली. त्या कामाचे त्याने किती घेतले हे आम्ही विचारले, चहा. पैसे न घेणारा कारीगर हा कौतुकाचा विषय आपण समजतो. आम्हाला ते कौतुकाचे वाटले नाही. ज्याने सहा हजारांचा रोग ओळखला त्याला एक कप चहा, आणि ज्याने ओळखला नाही त्याला सहा हजार!

इंजिन खोलणे ठरलेच, तर मालकाने त्या दिवशी फेरी बुडवून समोर बसावे. हेड आणि ब्लॉक उतरवणे म्हणजे आपल्याकडचे 'हाफ इंजिन', क्रँकपर्यंत जाणे म्हणजे 'फुल इंजिन'. ब्लॉक निघाल्यावर रॉड हातात धरून वर-खाली हलवून बघावा. आजूबाजूला थोडा खेळ असतोच, वर-खाली जराही नको. तो नसेल तर फुल इंजिनाचे नाव कोणी काढू नये. रिंग ब्लॉकमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट पात्याच्या गेजने मोजावी. अर्ध्या मिलीमीटरच्या पुढे गेली की रिंग संपली समजतात. झिजलेल्या ब्लॉकमध्ये नुसत्या नव्या रिंग टाकून पैसे वाचवण्याचा मोह होतो, पण चार-सहा महिन्यांत धूर परत येतो. बोरिंग करायचे तर ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० अशा पायऱ्या आहेत. पहिल्याच वेळी मोठी पायरी घेतली तर ब्लॉकचे उरलेले आयुष्य फुकट गेले. बोरिंगसाठी ब्लॉक नागपूरला किंवा भंडाऱ्याला पाठवायचा असेल तर पिस्टन आधी विकत घेऊन ब्लॉकसोबत पाठवावा. पिस्टनच्या मापाने ब्लॉक कापतात, ब्लॉकच्या मापाने पिस्टन मिळत नाही. काढलेले जुने सामान मालकाने घरी न्यावे. आणि मेच्या उन्हात काम निघाले तर पहिले पाचशे-हजार किलोमीटर गठ्ठा हलका ठेवावा, दुपारी गाडीला सावलीत विसावा द्यावा, पहिले ऑइल लवकर बदलावे. नव्या बोअरच्या गाडीवर पहिल्याच दिवशी दोन क्विंटल लादणाऱ्यांना काय सांगावे!

इंजिनासोबत कागदही तपासायचे असतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. मोटारसायकलीची ही फी १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झाली, आणि २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये २,००० करण्यात आली. पर्यावरण कर वेगळा. म्हणजे २०१० च्या गाडीचे इंजिन आज बांधायचे तर हा खर्चही त्याच कागदावर मांडला पाहिजे. दुसऱ्या बाजूला, सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सी.सी.पर्यंतच्या नव्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, म्हणून नव्या आणि जुन्या गाडीतले अंतर थोडे कमी झाले आहे. तरीही हप्त्याची नवी गाडी प्रत्येकाला परवडत नाही. व्याज भरण्यापेक्षा जुने इंजिन नीट बांधून घेणे आम्हाला बरे वाटते, जर चासी, चाके आणि कागद धड असतील तर. कबाडीकडून अख्खे इंजिन उचलून बसवण्याची युक्ती मात्र करू नये. ब्लॉक बदलला तरी इंजिन नंबर तोच राहतो, कारण तो खालच्या केसवर असतो. अख्खे इंजिन बदलले तर नंबर बदलतो. आरटीओत त्याची रीतसर नोंद केली नाही, तर रस्त्यात अडवल्यावर गाडीही जाते आणि गठ्ठाही अडकतो. इंजिन चोरीचे निघाले तर पुढचे सांगायलाच नको.

तपासणीच्या मजुरीवर दोन आक्षेप आम्ही ऐकले. पहिला फेरीवाल्यांचा: तपासणीचे पैसे घेऊनही मिस्त्री इंजिन खोलायलाच सांगणार नाही कशावरून? त्याला उत्तर कागद. कॉम्प्रेशन कोरडे किती, ऑइल टाकून किती, धूर कधी आणि कोणता, ब्रेक-क्लच-टॅपेट-फिल्टर बघितले की नाही, हे चार ओळींत लिहून द्यावे. तो कागद घेऊन गिऱ्हाईक दुसऱ्या गॅरेजात गेले तरी तिथे तोच काटा तोच आकडा दाखवील. लिहून देणारा माणूस तोंडी सांगणाऱ्यापेक्षा जपून सांगतो, हा आम्हा व्यापाऱ्यांचा रोजचा अनुभव. दुसरा आक्षेप मिस्त्री लोकांचा, आणि तो जास्त खरा आहे: पैसे मागितले तर गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजात फुकट दाखवायला जाईल. जाईलच. म्हणून एका गावातल्या चार-पाच उस्तादांनी मिळून एक दर ठरवावा आणि पाटीवर लिहावा. काही जण म्हणतात, काम मिळाले तर हे पैसे मजुरीतून वजा करावेत. आमचा याला विरोध आहे. वजा केले की मिस्त्रीचा फायदा पुन्हा खोलण्यातच आला. तपासणी ही वेगळी कारागिरी आहे, तिचे पैसे वेगळे राहू द्यावेत. कापडाच्या दुकानात ठाण उलगडून दाखवण्याचे आम्ही पैसे घेत नाही, हे कोणी सुनावील. पण ठाण पुन्हा घडी घालता येते, उघडलेल्या इंजिनाला निदान नवे गॅसकेट तरी लागतेच.

आमच्यापुरते आम्ही असे ठरवले आहे. इंजिनाच्या कामासाठी बाकी थांबवावी असे जो फेरीवाला म्हणेल, त्याच्याकडे आम्ही तो चार ओळींचा कागद मागतो. कागद आणला तर दोन महिने तगादा नाही, आणि तपासणीची मजुरी आमच्या खात्यातून. मौद्यातल्या इतर दुकानदारांनी यावर काय करावे ते त्यांनी पाहावे. धान कापणीनंतर खेड्यात पैसा येतो, फेऱ्या वाढतात, त्या वेळी गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागते आणि तपासायला कोणालाच फुरसत नसते. ज्यांची गाडी धूर मारते त्यांनी पोळ्याच्या आधीच गेज लावून घ्यावा.